साळवेबाई आणि राजूरचा राउटर

फाइल राउटरकडे निघाली की साळवेबाई शेंगा सोलायला बसायच्या. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात भुईमुगाच्या शेंगांची एक कापडी पिशवी कायम असे. ब्राउझरमधलं पाठवायचं बटण दाबलं की त्या खुर्ची मागे सरकवत, पिशवी मांडीवर घेत, टरफलांसाठी जुना पेपर पसरत आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह गरगर फिरत असताना निवांत दाणे काढत. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना आज काही काम नाही.

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते असंच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून नवी कोरी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी नगरच्या एका शिक्षणसंस्थेत नोकरीला लागलो होतो. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी प्रमाणपत्रं घेऊन मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "साळवे मॅडम आपणच का?"

"व्हय. या, बसा. कशाला हात लावू नका," त्या म्हणाल्या आणि मूठभर शेंगा माझ्यापुढे ठेवल्या. "फाइल चाललीय पाथर्डीला. ती पोचेपर्यंत ह्या सोला."

"शेंगा कशाला?"

"हात मोकळे राह्यले की कीबोर्डकडं जात्यात, सर. मागच्या इंजिनिअरसाहेबांचे गेल्ते. अर्ध्या फायलीवर त्यांनी मशिन बंद केलं. पाथर्डी आठ दिवस मुकी हुती."

आमच्या संस्थेची कॉलेजं जिल्हाभर पसरलेली. मुख्य कार्यालय नगरला, एक कॉलेज पूर्वेला पाथर्डीत, एक पार पश्चिमेला डोंगरातल्या राजूरला. ही ठिकाणं टेलिफोनच्या तारेनं एकमेकांना जोडली होती आणि प्रत्येक ठिकाणी एक राउटर होता. ही काय चीज आहे, असं शिपायांनी विचारलं की बाई सांगत, "यस्टी स्टँडवरचा कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, तो सांगतो. तो झोपला तर गाड्या असून नसून सारख्या." त्या कंट्रोलरच्या पोटात सेटिंगची एक छोटी फाइल असे. मी कोण, माझा नंबर काय, कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं. ही फाइल बदलणं हे आमच्या खोलीचं मुख्य काम. सेटिंगची फाइल म्हणजे चार शेंगांचं काम. पण कंपनीनं राउटरसाठी नवा प्रोग्रॅम पाठवला की तो किलोभर शेंगा मागायचा. बाई फाइलचं माप असंच सांगत, आणि ते बरोबर निघे.

राउटरची ही पेटी बसवायला जो माणूस आला होता त्यानं फाइल पाठवायची जुनी रीत शिकवली होती. आमच्या तारांवर ती चालेना. पाथर्डीच्या बाजूला वारा सुटला की लाइन खरखरे, फाइल मध्येच थांबे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पेटीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक कपाटात तसंच पडलं होतं. बाईंनी ते घरी नेलं. शेजारी डिक्शनरी ठेवून दोन महिने वाचलं. पुस्तकाच्या शेवटी शेवटी त्यांना असं सापडलं, की ह्या पेटीच्या पोटात एक वेबपान आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा नंबर लिहिला की ते पान उघडतं, आणि त्यावर दोन बटणं आहेत. एकानं राउटरमधली फाइल आपल्याकडे घ्यायची, दुसऱ्यानं आपली फाइल त्याला द्यायची.

"जुनी रीत म्हंजी साधं पोस्ट," त्यांनी मला समजावलं. "ही रजिस्टर एडी. प्रत्येक तुकड्याची पोच येती. पोच न्हाई आली तर तोच तुकडा परत जातो, सगळं परत न्हाई. एवढं शहाणपण त्या पेटीत आधीपासून हुतं, कुणी विचारलंच न्हाई तिला."

हे मी कॉलेजात तीन पेपरांत शिकलो होतो. पण इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंचे वडील नगरच्या एसटी वर्कशॉपात होते. बाई त्यांना दादा म्हणत. मूळ गाव पाथर्डी तालुक्यात. मामाचं कुटुंब अजून दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, आणि तेवढे महिने मामाच्या घराची किल्ली बाईंच्या टेबलात, कॉम्प्युटरच्या खोलीच्या किल्लीशेजारी असायची. बाईंनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. संस्थेत आठ वर्षं होत्या, पण हंगामी. दर वर्षी जूनमध्ये त्यांना नवीन ऑर्डर मिळे आणि दर वर्षी त्या तीच पिशवी, तीच डिक्शनरी घेऊन नव्यानं रुजू होत. वर्षभरात रजा म्हणून घेत नसत. फक्त चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी एक रजा ठरलेली. वस्तीतल्या जयंतीच्या तयारीचा अर्धा भार त्यांच्यावर असे.

त्यांचा एक नियम होता: राउटरला काही द्यायच्या आधी त्याच्याकडचं घ्यायचं. "आधी इकडं, मग तिकडं." फाइल घेतली की ती एका फ्लॉपीवर, दुसऱ्या फ्लॉपीवर, आणि शिवाय एका दोनशे पानी वहीत हातानं उतरवलेली. मी हसायचो. कॉम्प्युटरची फाइल वहीत लिहून ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या म्हणायच्या, "आमचे दादा वर्कशॉपात सांगायचे, नट काढला की रुमालावर ठिवायचा, भुईवर न्हाई. भुई नट गिळती." मी म्हणे, फ्लॉपी काही भुई नव्हे. त्या म्हणत, "बरं."

माझा उतावळेपणा बाहेर पडला तो त्या एप्रिलमध्ये. बाई रजेवर होत्या. पाथर्डी आणि राजूर, दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये एक लहानसा बदल करायचा होता. बाई परत येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. मी ठरवलं, त्या येण्याआधी करून दाखवू. पाथर्डीचं काम झालं. मग राजूरचं पान उघडलं, फाइल निवडली, बटण दाबलं. शेंगा सोलल्या नाहीत. राजूरची जुनी फाइल आधी काढून घेतली नाही. पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि राजूर गप्प झालं.

दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी राजूरला पाथर्डीची फाइल दिली आहे. दोन्ही फायलींची नावं जवळजवळ सारखी होती, शेवटच्या एका आकड्याचा फरक. राजूरचा राउटर आता स्वतःला पाथर्डी समजत होता आणि आम्ही कितीही हाका मारल्या तरी ओ देत नव्हता.

बाईंचं घर सायकलवर पंधरा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तेव्हाही गेलो नाही. राजूरच्या ऑफिसातले मुठे भाऊसाहेब फोन करून विचारत, "सर, लाइन बंद हाय, काय करू?" आणि मी सांगे, "होईल सुरू." बाई कामावर आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कधी झालं?"

"परवा. अकरा वाजता."

"घरी यायचं ना, सर. आमी पताकाच लावत हुतो." एवढंच म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघून दुसरा प्रश्न विचारला, "हॉलतिकिटं कधी यायची हायेत?"

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. विद्यापीठाची परीक्षा दोन दिवसांवर होती. हॉलतिकिटांची फाइल विद्यापीठाकडून उद्या सकाळी नगरला यायची होती आणि तिथून तारेनं राजूरला जाऊन तिथं छापली जायची होती. राजूरला पोरं भंडारदऱ्याच्या पलीकडच्या वाड्यांतून यायची. पाचची शेवटची जीप गेली की गेली. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हॉलतिकीट हातात पडलं नाही, तर सकाळच्या पेपराला कोण कसं पोचणार?

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. बाईंच्या पिशवीत त्यांनी मागेच उतरवून ठेवलेल्या राजूरच्या फाइलची एक फ्लॉपी, माझ्या खिशात दुसरी, आणि वही. संगमनेरच्या पुढे गाडी जरा रिकामी झाली तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "माझी मामेबहीण दहावीला हुती. हुशार. मामा-मामी तोडीवर, ती पण संगं. परीक्षेला गावी आली तवर तिकिटांचं वाटप झाल्तं. मुख्याध्यापक म्हणले, आता परत पाठवली. पुढच्या वर्षी बस. पुढच्या वर्षी तिचं लगीन झालं." मग म्हणाल्या, "तुमाला टोचून बोलत न्हाई मी. मला घाई का झालीय, ते सांगितलं."

साडेदहाला राजूरला उतरलो. बाजारचा दिवस होता. कॉलेजच्या व्हरांड्यात पोरं-पोरी आधीच येऊन बसल्या होत्या. काहींचे वडील बाजार करून पाट्या घेऊन तिथंच टेकले होते. मुठे भाऊसाहेबांनी आम्हाला खोली उघडून दिली.

मी कॉम्प्युटरवर राजूरच्या राउटरचा नंबर लिहिला. पान उघडेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "तो राजूर राह्यलाय का आता? पाथर्डीचा नंबर टाका. आपला कॉम्प्युटरबी घटकाभर पाथर्डीचाच करा." मी कॉम्प्युटरलाही पाथर्डीकडचा नंबर दिला, आणि सह्याद्रीच्या कुशीत बसून आम्ही पाथर्डीचं पान उघडलं. मुठे भाऊसाहेब मागून म्हणाले, "एवढ्या लांब पाथर्डीला गेलात व्हय?" बाई म्हणाल्या, "पाथर्डीच हिकडं आलीय, भाऊसाहेब."

मी फ्लॉपी काढणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. "आधी आत्ताची फाइल इकडं घ्या."

"बाई, ती चुकीची आहे. ती कशाला?"

"चुकीची असंल, पण आत्ता तीच चालू हाय. तिच्यामुळंच पान उघडलं ना?"

मी घेतली. मग माझी फ्लॉपी घातली. गाडीच्या गर्दीत ती खिशात वाकली होती, वाचेना. बाईंची घातली. तीही वाचेना. त्यांची फ्लॉपी ठणठणीत होती, पण तिथल्या मशिनमध्ये डोंगरातली लाल धूळ भरली होती. बाईंनी वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मी वाचते, तुमी टाइप करा. घाई न्हाई करायची. एक टिंब चुकलं तर परत मुका."

तीन पानं होती. त्या एकेक अक्षर वाचत, मी टाइप करी, मग मी वाचून दाखवी आणि त्या वहीवर बोट फिरवत. पाऊण तास लागला. दुपारी बाराच्या सुमारास मी ती फाइल पानावरून राउटरला दिली. पेटीवरचा हिरवा दिवा गेला. बाईंनी पिशवीतून शेंगा काढल्या, मला दिल्या, भाऊसाहेबांना दिल्या. सोलत बसलो. दिवा परत लागला. फोन केला तर नगरचा क्लार्क म्हणाला, "राजूर दिसतंय." हॉलतिकिटांची फाइल त्याच्याकडे सकाळीच येऊन पडली होती. ती निघाली तेव्हा बाई उरलेली पिशवी घेऊन व्हरांड्यात गेल्या आणि पोरांना म्हणाल्या, "तिकिटं वाटेत हायेत. तवर हे खा, टरफलं एका जागी टाका."

छापायला तीन वाजले. नाव पुकारलं की पोरगी पुढे यायची, कागद घ्यायची, नाव बरोबर आहे का ते बघायची आणि बापाला दाखवायची. साडेचारला शेवटचं तिकीट गेलं. पाचची जीप भरून निघाली.

नगरला परतल्यावर चौकशी झाली. लाइन तीन दिवस बंद का होती, असं कार्यवाहांनी लेखी विचारलं. बाईंनी खोलीतल्या नोंदवहीत लिहिलं: "राजूरला चुकीची फाइल गेली. दोन्ही फायलींची नावं सारखी होती. नावं मी दिली होती." खाली सही. तीच नोंद कार्यवाहांकडे गेली. मी ती वाचली. बटण कोणी दाबलं, ते त्यात नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, बाईंनी मला वाचवलं, फार मोठ्या मनाची बाई. आणि गप्प राहिलो.

जूनमध्ये त्या खोलीसाठी कायमची जागा निघाली. अर्ज दोघांनी केले. मुलाखतीत मला राउटरबद्दल काही विचारलं नाही, पदवीचे मार्क विचारले. बाईंना राजूरबद्दल विचारलं. जागा मला मिळाली. बाईंनी माझं अभिनंदन केलं आणि नेहमीसारखी हंगामी ऑर्डर घ्यायला ऑफिसात गेल्या.

त्यानंतर त्या खोलीत बसणं मला जड जाऊ लागलं. बाई बोलत होत्या, हसत होत्या, शेंगा पुढे करत होत्या. शेवटी एक दिवस मी कार्यवाहांकडे गेलो आणि सांगितलं, की राजूरची चूक माझी होती. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचा प्रामाणिकपणा चांगला आहे," ते म्हणाले. "पण त्या जागेला पदवी लागते. त्यांना ती मिळालीच नसती. आता हे कशाला उकरता?" मला चहा पाजून परत पाठवलं.

मग मी बाईंना सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. त्यांना राग आलेला मी तेवढाच पाहिला, आणि तोही आवाज न चढवता.

"चार महिने झाले, सर. मला वाटलं हुतं, आठ दिवसांत सांगाल."

"बाई, तुम्ही मला वाचवलंत, म्हणून..."

"मी कुणाला वाचवलं न्हाई." त्यांनी नोंदवही काढून माझ्यापुढे उघडी केली. "माझ्या वाट्याचं मी लिहिलं. नावं मीच चुकीची दिली हुती, ते खरं हाय. खाली बघा."

त्यांच्या सहीखाली एक ओळ कोरी होती. त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद. सबंध वहीत एवढीच ओळ रिकामी सुटलेली होती. मी ती नोंद दहा वेळा वाचली असेल, पण ती ओळ मला दिसली नव्हती.

मी पेन काढलं. त्या म्हणाल्या, "लिहा. तारीख आजची टाका." मी लिहिलं आणि आजची तारीख टाकली.

दोन महिन्यांनी बाईंना नाशिकच्या एका कंपनीत नोकरी लागली. पेटीचा जो इंजिनिअर आमच्याकडे कधीमधी येई, त्यानंच त्यांचं नाव सुचवलं होतं. तिथं त्यांना पदवी कुणी विचारली नाही. एक राउटर समोर ठेवला आणि फाइल काढून दाखवा म्हणाले. बाईंनी काढून दाखवली, शिवाय त्यांच्या पेटीचा पासवर्ड बदला, हेही सांगितलं. पहिल्या दिवसापासून कायम.

मी त्यांना पोचवायला माळीवाड्याच्या स्टँडवर गेलो. त्यांचे दादा आले होते. ते गाडीचा आवाज कान देऊन ऐकत होते आणि ड्रायव्हरला क्लचबद्दल काहीतरी सांगत होते. बाई खिडकीत बसल्या. मला म्हणायचं होतं ते मी म्हणालो, की मी उशीर केला, आणि त्याचा तुम्हाला काही उपयोगही झाला नाही.

"मला न्हाई झाला," त्या म्हणाल्या. त्यांना खोटं धीराचं बोलता येत नसे. "पण सांगितलं ते बरं केलं. न्हाईतर आज तुमी आला नसता स्टँडवर." गाडी सुटताना त्यांनी कागदावर लिहिलेला नाशिकचा फोन नंबर दिला.

तो नंबर मी दिवाळीनंतर पहिल्यांदा फिरवला. पाथर्डीला नवा प्रोग्रॅम पाठवत होतो. दाबायचं नव्हतं ते बटण दाबलं गेलं आणि पाथर्डीचं पान दिसेनासं झालं. खोलीत मी एकटाच होतो. दार लोटलेलं होतं, कुणी पाहिलं नव्हतं. मी फोन उचलला.

"बाई, कुलकर्णी बोलतोय. माझ्याकडून चूक झाली."

"कधी?"

मी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं झाली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांबा, पेन घेते," साळवेबाई म्हणाल्या. "हां. आता पहिल्यापासून सांगा."